लुबी बेटाचे सदतीस फोन

टेलिफोनच्या सर्व्हरवर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम घालायची, हा काही कुणाच्या जिवावर बेतणारा प्रश्न नव्हे. आमच्या धंद्यातली माणसं यावर कॉफी पिता पिता तावातावाने भांडतात आणि कॉफी संपली की आपापल्या खुर्चीत जाऊन बसतात. मीही भांडले, आणि मी जिंकले. त्या जिंकण्यापायी लुबी बेटावरची तिया वेनांसिया गेली. लोक म्हणतात दम्याने गेली. सरकारी कागदावर लिहिलंय वीज गेली म्हणून. मला जे माहीत आहे ते मी इथे लिहिते आहे.

आमचं गाव सान इरेनेओ. समोरच्या समुद्रात माणसं राहतात अशी नऊ बेटं आहेत. प्रत्येक बेटाच्या चावडीत एक फोन असतो, सोलरवर चालणारा. खांबावरच्या अँटेनातून तो आमच्या नगरपालिकेतल्या सर्व्हरला जोडलेला. बेटावर कुणाला साप चावला, कुणी अडली, कुणाची छाती भरली, की चावडीतून तीन आकडे फिरवायचे. सर्व्हर तो फोन बचाव पथकाच्या टेबलावर वाजवतो आणि धक्क्यावरून बोट सुटते. बोटीत ऑक्सिजन असतो, नर्स असते. लुबीला पोचायला चाळीस मिनिटं लागतात.

हा सर्व्हर सांभाळायला आम्ही दोघं. एक मी, नेरिसा. दुसरे नोंग हेन्स्यो. आमच्याकडे मुलीला इंदाय, थोरल्या बाईला नांग आणि थोरल्या माणसाला नोंग म्हणतात, आणि हे तर माझ्या वडिलांच्या वयाचे. बत्तीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढून मग नगरपालिकेत आलेले. कॉम्प्युटर त्यांनी पन्नाशीत शिकला, तोही माझ्याकडून, पण फोन म्हणजे काय ते मला त्यांनीच शिकवलं. ते नाकावर दोन चष्मे एकावर एक चढवून काम करायचे. मी हसले की म्हणायचे, "हस, इंदाय, हस. तुझीही चाळिशी येईल."

आठ वर्षं आमच्या सर्व्हरवर एक जुनी सिस्टीम होती. तिला बदलायची घाई म्हणून नव्हती. नोंग हेन्स्यो तिला रेडा म्हणायचे. चिखलात बसेल, चारा कमी पडला तरी चालेल, पण दावं तोडून पळणार नाही. मात्र त्या वर्षी ती बनवणाऱ्यांनी जाहीर केलं की आता आम्ही हिच्याकडे बघणार नाही. कुठे भोक पडलं तर बुजवायला कुणी येणार नाही. म्हणजे बदलणं भाग होतं. प्रश्न एवढाच होता की तिच्याच जातीतली पुढची संथ सिस्टीम घ्यायची, की मी इलोइलोला जाऊन शिकून आले होते ती नवी, चपळ.

नवी सिस्टीम आपली आपण सुधारायची. रोज पहाटे जगातून काय नवीन आलंय ते आणायची आणि स्वतःला बसवून घ्यायची. मला तिचं भारी कौतुक.

"हा झुंजीचा कोंबडा आहे," नोंग हेन्स्यो म्हणाले. "शनिवारी पिसं फुलवून दाखवतो आणि रविवारी दुपारी त्याचं सूप होतं."

"आणि तुमचा रेडा? त्याच्या अंगावरच्या गोचड्या कोण काढणार?"

"गोचड्या आपण काढू. पण इंदाय, आपलं कार्ड विसरू नकोस."

कार्डाचं सांगायला हवं. बेटांवरचे फोन नव्या पद्धतीचे होते, पण बचाव पथकाच्या टेबलावरचे दोन फोन साधे जुने, वायरीचे. वादळात तेच टिकतात म्हणून मुद्दाम ठेवलेले. ते सर्व्हरला जोडायला यंत्रात एक कार्ड घातलेलं होतं आणि त्या कार्डाला ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्राम, लागायचा. हा ड्रायव्हर सिस्टीमच्या गाभ्याच्या मापाने शिवावा लागतो, शिंप्याकडच्या कपड्यासारखा. गाभा जरा बदलला की तो अंगाला बसत नाही, आणि मग कार्ड म्हणजे नुसता पत्रा.

"तुझा कोंबडा पहाटे उठून गाभाच बदलून टाकेल," नोंग हेन्स्यो म्हणाले. "मग?"

"तसं होत नाही. मशीन बंद करून चालू केल्याशिवाय नवा गाभा चालायला लागत नाही. आणि मशीन बंद-चालू मी करणार. आधी ड्रायव्हर शिवीन, मग करीन."

"आणि मशीन आपलं आपण बंद-चालू झालं तर?"

"बॅटरी आहे, जनरेटर आहे. तुम्ही ना, उगाच वादळ शोधत असता."

"वादळ शोधावं लागत नाही. ते येतं."

गाभ्याला एका ओळीत कुलूप घालता येतं. बाकी सगळं बदल, एवढं बदलू नको, असं सांगता येतं. ती ओळ मी लिहिली नाही. सगळ्यात महत्त्वाची भोकं गाभ्यातच असतात, तो अडवून ठेवायचा तर नवी सिस्टीम घ्यायची कशाला, हा माझाच मुद्दा होता, आणि आपल्या मुद्द्यावर आपणच कुलूप कसं घालणार? वरच्या साहेबांपुढे दोन्ही कागद गेले. त्यांनी विचारलं, "दोन्हींतली नवीन कुठली?" मी माझ्या कागदावर बोट ठेवलं. "मग तीच घाला," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

फेब्रुवारीत मी सिस्टीम बदलली. सगळं एका दिवसात झालं. नऊ बेटं बोलली, दोन्ही फोन वाजले. नोंग हेन्स्यो तोंड भरून म्हणाले, "छान केलंस." मनात असतं तेच तोंडावर आणणारे गृहस्थ, त्यामुळे ते खरंच तसं म्हणत होते.

पण मला तेवढ्याने पुरेना. त्यांची एक सवय होती. रोज सकाळी सहाला ते बचाव पथकाच्या टेबलावर बसायचे आणि त्या जुन्या फोनवरून नऊच्या नऊ बेटांना एकेक करून फोन लावायचे. "लुबी? काय, आज कुठला मासा? वारा कुठून आहे?" काम काही नाही. फक्त फोन लागतो की नाही ते बघायचं, आणि लागलाच आहे तर चार शब्द. बेटांवरची म्हातारी माणसं त्या फोनची वाट बघायची. मी त्यांच्यासाठी एक पडदा बनवला. नऊ बेटं, नऊ हिरवे ठिपके. काही बिघडलं तर ठिपका लाल. आता सकाळी उठून कुणाला मासे विचारायची गरज नाही, असं मी त्यांना सांगितलं. तरी ते फोन करतच राहिले. एक दिवस बचाव पथकाच्या टेबलावर बसणाऱ्या अर्नेलच्या देखत मी म्हणाले, "नोंग, घरी बोलायला कुणी नाही म्हणून सरकारी फोन किती वापराल?"

त्यांची बायको जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मला ते माहीत होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. अर्नेल हसला, मीही हसले. नोंग हेन्स्यो रिसीव्हर ठेवून उठले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळचे फोन बंद केले.

हा टोमणा आठवला की आजही मला माझं तोंड फोडून घ्यावंसं वाटतं. सिस्टीम निवडताना चूक झाली ती झाली, चुका सगळ्यांच्या होतात. हे मात्र मी हौसेने केलं.

मग गुड फ्रायडे आला.

त्या दिवशी आमच्याकडे देव मेलेला असतो. दुकानं बंद, कोंबड्यांच्या झुंजी बंद, रेडिओवर फक्त दुःखभोगाची गाणी. मोठ्याने बोलायचं नाही, हसायचं नाही, दुपारी तीननंतर अंघोळ करायची नाही. त्या दिवशी झालेली जखम भरत नाही म्हणून आया मुलांच्या हातातून सुरी काढून घेतात. आणि समुद्रावर कुणी जात नाही. बेटांवर तर अजिबातच नाही.

सकाळी अकराच्या सुमारास वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं बॅटरीने ओढून न्यायचं असतं. बॅटरी जुनी झाली होती, तिने दहा सेकंदांत मान टाकली. सर्व्हर बंद पडला आणि जनरेटर लागल्यावर आपला आपण सुरू झाला. मंगळवारी पहाटे त्याने नवा गाभा आणून ठेवला होता, तोच आता चालू झाला. ड्रायव्हर जुन्या मापाचा. कार्ड उठलंच नाही. टेबलावरचे दोन्ही फोन मेले.

माझ्या पडद्यावर मात्र नऊ हिरवे ठिपके होते. मी ठिपक्यांना एवढंच शिकवलं होतं की बेटं सर्व्हरपर्यंत पोचतात की नाही ते बघा. पोचत होती. सर्व्हरकडून पुढे दोन हातांवरच्या टेबलापर्यंत कुणी पोचतं की नाही, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

टेबलावर अर्नेल होता. चांगला मुलगा, पंचविशीतला, बोलघेवडा. रोज त्या फोनवरून रोक्सासमधल्या आपल्या प्रेयसीला दहादा फोन करायचा आणि नोंग हेन्स्योंच्या शिव्या खायचा. त्या दिवशी त्याने एकदाही रिसीव्हर उचलला नाही. गुड फ्रायडेला प्रेमाच्या गोष्टी करणाऱ्याचं लग्न मोडतं, असं त्याच्या आजीने त्याला सकाळी बजावलं होतं. अकरापासून सहापर्यंत तो त्या मेलेल्या फोनशेजारी हात जोडून बसला होता. फोन वाजत नव्हता, पण गुड फ्रायडेला फोन वाजतच नाही. गेल्या वर्षीही वाजला नव्हता. शांतता बघून त्याला बरंच वाटलं. मी तिथे असते तर मलाही वाटलं असतं.

संध्याकाळी मिरवणूक निघाली होती. मी मेणबत्ती धरून बायकांच्या रांगेत चालत होते. अर्नेल गर्दीतून वाट काढत आला. त्याचा चेहरा बघूनच मी मेणबत्ती विझवली.

"इंदाय, धक्क्यावर ये. लुबीची बोट आलीय."

"आज? समुद्रावर?"

"तू चल."

धक्क्यावर तिया वेनांसियाच्या नवऱ्याची, तियो पास्क्वालची, मासेमारीची बोट लागली होती. तिया वेनांसियाला फळीवर निजवलं होतं आणि तोंडावरून चादर ओढलेली होती. तियो पास्क्वाल शेजारी उभा होता. त्याच्या हातात तिच्या चपला होत्या. बोलत होता त्याचा पुतण्या, आणि तो ओरडतच होता.

"दुपारपासून फोन लावतोय! दुपारपासून! तुमचा आपला एंगेज! सणासुदीचं कुणाशी बोलत बसला होतात रे?"

"एकही फोन आला नाही," अर्नेल म्हणाला. "आईशपथ. मी तिथून हललो नाही."

"मग एंगेज काय भुतं लावत होती?"

मोबाईलचा काही उपयोग नव्हता, वीज गेली की आमचा टॉवर तासाभरात झोपतो. मी धावत नगरपालिकेत गेले. टेबलावरचा रिसीव्हर उचलला. त्यातून काहीच येत नव्हतं, साधी घरघरसुद्धा नाही. मला तिथेच कळलं. कपाट उघडून सर्व्हरसमोर बसले, जुना गाभा निवडून मशीन पुन्हा सुरू केलं, कार्ड उठलं, फोन बोलायला लागला. घड्याळात बघितलं तर बारा मिनिटं झाली होती. एवढंच काम होतं ते. सकाळी सहाला कुणी नुसतं मासे विचारायला फोन उचलत असतं, तर वीज जाऊन आल्यावर तो लागतो का ते बघायलाही कुणाचा तरी हात त्या फोनकडे गेला असता.

मग मी नोंदी उघडल्या. लुबीच्या चावडीतून सदतीस फोन आले होते. पहिला एक वाजून बारा मिनिटांनी, शेवटचा चार सव्वीसला. प्रत्येक फोन सर्व्हरने घेतला होता, पुढचे फोन सापडत नाहीत म्हणून फोन करणाऱ्याला एंगेजचा सूर ऐकवला होता आणि बंद केला होता. सूर मीच निवडला होता. तिथे एखादं वाक्यही ठेवता आलं असतं, की यंत्र बिघडलंय, दुसरी सोय बघा.

एक गोष्ट मला उमजेना. पहिले सव्वीस फोन पंचवीस मिनिटांत होते, मिनिटाला एक. ते समजण्यासारखं होतं. पण पुढचे अकरा पंधरा-सोळा मिनिटांच्या अंतराने होते. घाबरलेला माणूस असा घड्याळ लावून फोन करतो का? मला वाटलं, थकले असतील बिचारे.

नोंग हेन्स्यो मिरवणुकीतून तसेच आले, जांभळ्या झग्यात. दोन्ही चष्मे चढवून त्यांनी पडद्यावरचं सगळं वाचलं. मी वाट बघत होते. त्यांनी म्हणावं, मी सांगितलं होतं. त्यांनी टेबलावर हात आपटावा. मला ते हवं होतं.

"बोला की," मी म्हणाले. "कोंबड्याचं सूप झालं म्हणा."

"गप."

"माझ्यामुळे झालं, नोंग."

"तुझ्यामुळे झालं," ते म्हणाले. मग झग्याच्या बाहीने चष्मे पुसत बसले. "आणि माझ्यामुळे. मी सकाळचे फोन बंद केले ते तू म्हणालीस म्हणून नाही. रुसलो म्हणून. एकसष्ट वर्षांचा माणूस, पोरीच्या बोलण्यावर रुसलो."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं.

ईस्टरच्या सोमवारी आम्ही कोंबडा काढला आणि रेड्याच्या जातीतली पुढची सिस्टीम घातली. वाद झाला नाही, बोलणंही फारसं झालं नाही. मंगळवारी सकाळी सहाला नोंग हेन्स्योंनी पुन्हा बेटांना फोन लावले. लुबीच्या चावडीत कुणीतरी उचलला, "हो, लागतोय" एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला.

चौकशीचा कागद एका पानाचा होता. वीजपुरवठा खंडित झाल्याने यंत्रणा तात्पुरती बंद. दोष कुणाचाच नाही. साहेब मला म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस, वीज काय आपल्या हातात असते?" मी खाली मान घालून हो म्हटलं. सुटले असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, अंगावर काहीतरी घाण पडल्यासारखं वाटलं.

"कागदावर वीजच राहू दे," नोंग हेन्स्यो म्हणाले. "कागद वाचून वेनांसिया परत येत नाही. पण तू लुबीला जा. पास्क्वालला खरं सांग."

"तुम्ही चला ना बरोबर."

"मी आलो तर तू माझ्या मागे लपशील."

आज जाते, उद्या जाते करत मी आठ दिवस काढले. नवव्या दिवशी जाणं भागच होतं. माणूस गेल्यानंतरच्या प्रार्थना त्या दिवशी पूर्ण होतात आणि जेवण असतं, ओळखीपाळखीचं माणूस न आलेलं डोळ्यांवर येतं. बोटीत बसताना मी काय बोलायचं ते पाठ करत होते. गाभा, ड्रायव्हर, कार्ड. दम्याने बायको गेलेल्या माणसाला हे कसं सांगायचं? शेवटी ठरवलं, एवढंच सांगायचं: फोन लागला नाही तो माझ्या चुकीमुळे.

तियो पास्क्वालचं घर किनाऱ्यालाच आहे. आत बायका गुडघ्यांवर बसल्या होत्या. पुढे नांग चोलेंग, बेटावर कुणीही गेलं की प्रार्थना सांगायला तीच असते. मी दाराशी गुडघे टेकले. नांग चोलेंग एकेका आत्म्यासाठी म्हणत होती, बायका मागून म्हणत होत्या. वेनांसियासाठी. तिच्या आईवडिलांसाठी. समुद्रात गेलेल्यांसाठी.

"आणि त्या आजारी माणसासाठी," नांग चोलेंग म्हणाली, "ज्याच्यासाठी त्या दिवशी लाईन अडलेली होती."

"देवा, त्याला बरं कर," बायका म्हणाल्या.

कोण आजारी माणूस?

प्रार्थना संपल्यावर तियो पास्क्वाल मला बाहेर जाळ्यांच्या छपराखाली घेऊन गेला. मी बोलायच्या आधीच त्याने विचारलं.

"तू नगरपालिकेतली ना, इंदाय? टेलिफोनवाली?"

"हो, तियो."

"मग तुला ठाऊक असेल. तो वाचला का?"

"कोण?"

"त्या दिवशी ज्याचं चाललं होतं तुमच्याशी. लाईन एंगेज होती दुपारभर. कुठल्या बेटावरचा होता? बाई होती की पुरुष?"

तो सांगत राहिला.

"पहिल्यांदा मी वेड्यासारखा लावत होतो. मग हीच म्हणाली, थांबा. दम लागलेला, एकेक शब्द तोडून बोलत होती. म्हणाली, आपल्यापेक्षा कुणाचं तरी मोठं दुखणं असेल, म्हणून एवढा वेळ बोलतायत. तुम्ही सारखा लावलात तर त्यांचं बोलणं तुटेल. पूर्वी तुटायचं ना तसं, एकच तार होती तेव्हा. मग आम्ही तिथेच चावडीत त्या माणसासाठी जपमाळ म्हणायला बसलो. एक पूर्ण माळ झाली की मी उठून एकदा लावायचा. पुन्हा एंगेज, की पुन्हा माळ. शेवटच्या माळेला तिचे नुसते ओठ हलत होते. तेव्हा मी देवाची आण मोडली आणि बोट काढली."

पंधरा-सोळा मिनिटं. एक जपमाळ. नोंदीतली ती अंतरं मी आठ दिवस घोकली होती.

"तियो," मी म्हणाले, "कुणीच नव्हतं."

"म्हणजे?"

"लाईनवर कुणी नव्हतं. लाईन रिकामी होती. आमचे इथले फोन बंद पडले होते, आणि यंत्र तुम्हाला एंगेज ऐकवत होतं. यंत्रात कुठली सिस्टीम घालायची ते मी ठरवलं होतं. नोंग हेन्स्यो नको म्हणत होते. मी हट्टाने घातली. चूक माझी आहे. विजेची नाही."

तो खाली बसला. छपराच्या खांबाला त्याने पाठ टेकली. आतून ताटांचा आवाज येत होता. मला वाटत होतं त्याने मला मारावं.

"मग जर मी थांबलो नसतो," त्याने हळू विचारलं, "सारखा लावतच राहिलो असतो, तर?"

"तरी लागला नसता. शंभरदा लावला असतात तरी नाही."

"नक्की?"

"नक्की, तियो."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नऊ दिवस झाले," तो हातांच्या आडून म्हणाला, "मला झोप नाही. वाटायचं, मधल्या त्या पाव पाव तासात कधीतरी लाईन मोकळी झाली असेल, आणि आम्ही माळ ओढत बसलो. तिचं ऐकलं म्हणून ती गेली असं वाटायचं."

"तसं नाही झालं."

"बरं झालं सांगितलंस." मग हात खाली घेऊन त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "मला तुझा राग येतो, इंदाय. खूप येतो. पण आज घरात माणसं आहेत."

"या केव्हाही. मी नगरपालिकेतच असते."

"येईन," तो म्हणाला. मला माहीत आहे, तो येईल.

तेवढ्यात नांग चोलेंग स्कर्टला हात पुसत बाहेर आली. मागून आणखी दोघीतिघी. "पास्क्वाल, जेवायला वाढलंय. अगं, ही गावातली ना? बाई गं, बरी भेटलीस. आम्ही नऊ दिवस त्या आजाऱ्याचं म्हणतोय, चाळिसाव्या दिवसापर्यंत म्हणणार आहोत. कसा आहे गं तो आता?"

मी तियो पास्क्वालकडे बघितलं. खरं सांगायला आले होते, सांगायला तयारही होते. तोंड उघडतच होते.

"बरा आहे म्हणे," तियो पास्क्वाल म्हणाला. तो खांब धरून उठत होता. "हेच सांगत होती ही आत्ता. परवा घरी गेला."

नांग चोलेंगने छातीवर क्रूस काढला. मागच्या बायकांनीही काढला. एकीने आत ओरडून सांगितलं आणि आतून हुंदके आले, हसण्याचे आवाजही आले. "ऐकलं गं देवाने वेनांसियाचं," कुणीतरी म्हणत होतं. "जाता जाता एक जीव वाचवून गेली."

तियो पास्क्वाल माझ्याकडे न बघता आत गेला. नांग चोलेंगने माझ्या हातात केळीच्या पानातला गरम भात ठेवला, नारळाच्या दुधातला, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "एवढी चांगली बातमी घेऊन आलीस," ती म्हणाली, "उपाशी जाऊ नकोस." मी तो भात खाल्ला. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या, म्हणून सगळा खाल्ला.